अंगठ्याएवढी जागा

परगावचा माणूस जोह्यात आला आणि त्याला भाताच्या बांधावर कुणी पालथं पडलेलं दिसलं, की तो घाबरून धावायचा. साप चावला असेल, चक्कर आली असेल. आम्ही गावकरी मात्र वळसा घालून पुढे जायचो, कारण तो केरू असायचा. हनुवटी मातीला टेकवून, एक डोळा मिटून तो गवताच्या बुडख्यांत बघत असायचा. काय बघतोस म्हणून विचारलं की म्हणायचा, "जंगल हाय रे विठू. हितं डोकं खाली घाल नि बग. त्या मुंगीला ह्यो तण म्हंजे माड हाय माड."

एकदा घातलं मी डोकं खाली. आधी नुसता सदरा मळला. मग जरा वेळ गेला आणि बांधावरच्या शेवाळाची कुरणं झाली, खेकड्यानं उकरलेल्या मातीच्या टेकड्या झाल्या, आणि दोन गवतकाड्यांमधून आत जाणारी एक वाट दिसली. ह्या वाटेनं आपण चालत गेलो तर पलीकडे कुठलं गाव लागेल, असं मनात आलं. मी चटकन उठलो आणि सदरा झटकून घरी गेलो. संसारी माणसानं अशा वाटांना लागू नये.

मी आखणी करतो, म्हणजे गणपतीचे डोळे काढतो. आमचा कारखाना आणि केरूच्या भावाचा कारखाना यांच्यात एकच कुडाची भिंत. केरूही हाडाचा कारागीर, पण त्याच्या हातात एक खोड होती. त्यानं केलेल्या प्रत्येक गणपतीचं तोंड त्याच्या मामासारखं व्हायचं. मामा म्हणजे एक भुवई वर चढलेली आणि ओठ घट्ट मिटलेले, जसं काही समोरच्यानं त्याचा विडा चोरलाय. गिऱ्हाईक मूर्ती घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन यायचं. शेवटी त्याच्या थोरल्या भावानं, सखानं, त्याच्या हातातून तोंडं काढून घेतली आणि त्याला खालची कामं दिली. गणपतीच्या मागचा डोंगर, उंदराच्या पायाखालचं गवत, शंकराचा हिमालय. लोक त्याला 'खालचा केरू' म्हणू लागले. दुसरा कुणी असता तर रुसून बसला असता. हा गडी खूश झाला.

त्याच्या कोपऱ्यात एक गणपती सोडून जगातलं सगळं होतं. चहाचा चोथा वाळवून ठेवलेला, तो झाडाखालचा पाचोळा. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला, ते कोवळं गवत. नारळाचा काथ्या पिंजून वाळलेलं गवत, केरसुणीच्या काड्यांचे बोरू, विहिरीच्या भिंतीवरून खरवडलेलं शेवाळ. गणपतीकडे बघणाऱ्याचं लक्ष ह्या गोष्टींकडे कधी जायचं नाही. केरूला त्याचं काही वाटायचं नाही. त्याची बायको सगुणा मात्र कुरकुरायची, कारण घरातली केरसुणी महिन्याला टक्कल पडून मरायची.

एकाहत्तरच्या लढाईला काही वर्षं उलटून गेली होती. हंगाम संपून कारखाने झाडून ठेवले होते, वाटेच्या दोन्ही बाजूंना वालाच्या वेलांना शेंगा लागल्या होत्या. अशा एका सकाळी पेणच्या एसटीतून एक माणूस उतरला. एक पाय लाकडी, काखेत पत्र्याचा बिस्किटांचा डबा, वर मऊ पंचा गुंडाळलेला. तो रोह्याजवळच्या वरशाचा पुंडलिक. पलटणीत होता, पाय लढाईत गेला. पुण्याच्या इस्पितळात पडल्यापडल्या हातांना काही उद्योग हवा म्हणून तो पत्र्याचे तुकडे आणि लाकूड घेऊन छोटे रणगाडे करायला शिकला होता. 'खालच्या केरू'चं नाव त्याला एसटीतच कुणीतरी सांगितलं होतं.

त्यानं डबा उघडला आणि आम्ही सगळे वाकलो. आत मुठीत मावेल असा रणगाडा होता, त्याच्या पट्ट्याची एकेक कडी वेगळी. आणि बोटाच्या पेराएवढे जवान. एक ओणवा पळत होता, एक गुडघ्यावर बसला होता, एकानं हात वर केला होता.

"रणगाडा हाय, माणसं हायत," पुंडलिक म्हणाला. "पन त्यांच्या पायाखाली जमीन नाय. टेबलावर ठेवली का खेळणी दिसतात. मला ती जागा करून पायजे."

मग त्यानं जे सांगितलं, ते असं. त्याचा एक जोडीदार होता, गागोद्याचा रघू. पंजाबच्या सरहद्दीवरच्या एका शेतात दोघं बरोबर धावत होते. पुंडलिकचा पाय गेला आणि रघूचा जीव. त्या काळी जवानाचा देह गावी येत नसे, तिथंच अग्नी देत. रघूच्या आईकडे, हौसाबाईकडे आली ती एक ट्रंक. पुंडलिक दर वर्षी तिला भेटायला जायचा आणि दर वर्षी ती एकच विचारायची, "जागा कशी होती रं?" त्याला सांगता यायचं नाही. आता हौसाबाईच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली पावसाळ्याच्या पुढे टिकणार नाही, असं डॉक्टर बोलला होता.

"तिची नजर हाय तवर तिला जागा दावायची हाय," पुंडलिक म्हणाला. "येवढंच काम."

केरूनं मान हलवली. रणगाड्याकडे त्यानं दुसऱ्यांदा बघितलंही नाही. एक फळी ओढली, तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "बोला."

"दुपार कलली होती. आपले रणगाडे डाव्या अंगानं—"

"त्ये ऱ्हाऊ द्या, फौजीदादा. शेतात पीक काय होतं?"

"गहू."

"केवढा?"

पुंडलिकनं डोळे मिटले. मग त्यानं आपल्या उरलेल्या पायाकडे बघितलं आणि घोट्याच्या जरा वर बोट टेकवलं. "येवढा," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "इतकी वर्सं डोळे मिटले का मला निस्ता आवाज ऐकू यायचा. गहू आत्ता दिसला."

त्यानंतर तो थंडीभर येत राहिला. वरशाहून पेण, पेणहून जोहे, लाकडी पायानं. दोघं दुपारी कोपऱ्यात बसायचे आणि केरू विचारायचा. पाणी कुठनं यायचं? कालवा होता, तर त्याच्या काठावर काय उगवलं होतं? माती ओली का भुसभुशीत, बुटाला चिकटायची का झडायची? पुंडलिक डोळे मिटून बसायचा आणि मग एकेक गोष्ट वर यायची. कालव्याच्या काठी उंच बोरूसारखं गवत, त्याला पांढरे तुरे. एकच शिसवीचं झाड, त्याच्या खाली कुणा शेतकऱ्यानं विसरलेला माठ. सकाळी गव्हावर पडलेलं पांढरं दव. मी कुडाच्या अलीकडे ब्रश धूत बसायचो आणि मलाही ते शेत दिसायला लागायचं. कधी कधी वाटायचं, आम्ही तिघं इथं नाहीच, कुठंतरी लांब, सपाट, थंड जागी बसलोय आणि वारा गव्हावरून चाललाय. मग सगुणा चहा आणायची आणि आम्ही जोह्याला परत यायचो.

भांडणंही झाली. केरूनं पहिल्यांदा जमीन केली ती आपल्यासारखी, प्रत्येक खाचराला चांगला रुंद बांध घालून. पुंडलिक ते बघून हसतच सुटला.

"आरं, येवढे बांध? तिथं जमीन ताटासारखी सपाट."

"मग पानी थांबतं कुठं?"

"थांबवत नायत. सोडतात नि जिरवतात."

केरूला हे काही केल्या पटेना. ज्या जमिनीत पाणी थांबत नाही ती शेती कसली, असं तो दोन दिवस पुटपुटत होता. शेवटी त्यानं बांध खरवडून काढले, पण एवढं तोंड करून, जसं काही कुणाचं खरंच शेत मोडतोय. दवासाठी त्यानं सासऱ्याच्या मिठागरातलं बारीक मीठ आणलं. सगुणा खाडीकाठची, मिठात वाढलेली. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाऊस लागू दे. पानी सुटंल तुमच्या लढाईला." मग मीठ गेलं आणि साच्याला लावायचं पांढरं, पिठासारखं शंखजिरं आलं. फुंकरीनं उडवलं की गव्हाच्या पात्यांवर पहाट उतरायची.

गव्हाची पाती केरूनं काथ्याच्या तंतूंची केली. एकेक तंतू हिरव्या रंगात बुडवायचा, सरसात टेकवायचा आणि ओल्या मातीत उभा करायचा. शिसवीला कसल्याशा झुडपाचं वाळलं मूळ. खाली चहाचा चोथा. माठ मसुराच्या दाण्याएवढा, तो मात्र त्यानं चाकावर फिरवल्यासारखा गोल केला. माती शाडूची. वाळताना तडकू नये म्हणून तिच्यात कागदाचा लगदा, आणि वर रंगाचे इतके पातळ हात की नेमका रंग कुठला हे सांगता येऊ नये. गहू सगळीकडे झाला, पण शिसवीपासून जरा पुढे त्यानं अंगठ्याएवढी जागा उघडी ठेवली. तिथं गहू नाही, रंग नाही.

ती रघूची जागा. तिथं कुठला जवान ठेवायचा नव्हता. पडलेला रघू पुंडलिकनं केलाच नव्हता, त्याला तो करवलाच नाही. त्याच्याऐवजी त्यानं एक दिवस खिशातून तंबाखूची डबी काढली. पाय गेला तेव्हा दुसऱ्या पायातला बूट इस्पितळात त्याच्या पिशवीत घातलेला होता. त्या बुटाच्या तळव्यात त्या शेताची माती वाळून बसली होती. ती खरवडून त्यानं इतकी वर्षं जपली होती. आवळ्याएवढं ढेकूळ.

"रघूच्या आयला बोललोय, त्याच्या जागेची माती आणतो," तो म्हणाला. "तिच्या घरी लय वर्सं गणपती नाय. कारण इचारलं तं काय बोलली ठावं हाय? बोलली, गणपती पान्यात सोडून माणूस पाटावर निदान व्हालाची वालू तरी घरी घेऊन येतो. माजा पोरगा गेला नि पाट रिकामाच आला."

आमच्याकडे तशी रीत आहे. गणपती पाण्यात सोडला की ज्या पाटावरून तो नेला तो पाट रिकामा घरी आणायचा नाही. ओढ्यातली, नदीतली मूठभर वाळू पाटावर घ्यायची आणि ती घरात, अंगणात, कणगीत टाकायची. लहानपणापासून करत आलो, त्यात एवढं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्या दिवशी ब्रश खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता पुढचं सांगायला जीव धजत नाही, पण सांगायलाच हवं.

आमच्या धंद्यात माती कधी फेकत नाहीत. फुटलेला हात, मोडलेली सोंड, फळीवर सांडलेला वाळका चुरा, सगळं पुन्हा भिजवणीच्या पिंपात. पोरगं चालायला लागलं की आधी हे शिकतं. केरूनं त्या दिवशी रंग जुळवायला ते ढेकूळ शेताशेजारच्या कामाच्या फळीवर ठेवलं होतं. शेजारी शाडूचा चुरा होता. संध्याकाळचं ऊन दारातून तिरपं आत आलं होतं, त्या गव्हावर पडलं होतं, आणि केरू हनुवटी फळीला टेकवून बघत बसला. किती वेळ बसला असेल देव जाणे. मग सगुणानं जेवायला हाक मारली. तो उठला, आणि त्याच्या हातानं, नुसत्या हातानं, कामाची फळी पुसून सगळं खालच्या, अर्ध्या कापलेल्या भिजवणीच्या पिंपात लोटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला डबी रिकामी दिसली. तोवर पिंपातली माती सगुणानं पायांनी तुडवून लोण्यासारखी केली होती आणि सखा साचे पुसत होता. नव्या हंगामाची पहिली माती. केरूनं डबी मिटली. तो जाऊन त्या पिंपावर बसला.

"उठ," सखा म्हणाला.

"नाय."

"आरं, मूर्त्या भरायच्या हायत."

"ह्यातली एक चिमट भरू देनार नाय."

काय झालं ते कळल्यावर सखाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो वाईट माणूस नव्हता, कारखाना चालवणारा माणूस होता. "तसल्या रंगाची माती रेल्वेच्या बाजूला ढिगानं पडलीय," तो म्हणाला. "आण मूठभर नि घाल डबीत. कोन बगायला जातंय?" केरूनं त्याच्याकडे असं बघितलं की सखाच साचे उचलून बाहेर गेला. केरू पिंपावर बसला तो बसलाच. जेवायला उठेना. सगुणानं ताट तिथंच आणून दिलं आणि त्याच्या शेजारी बसून राहिली. तिच्याच पायांनी तुडवली होती ना ती माती.

केरू पेणच्या पलीकडे आयुष्यात गेला नव्हता. सकाळी पिंपावर ओलं गोणपाट आणि सगुणाला बसवून तो एसटीनं रोह्याला गेला आणि विचारत विचारत वरशाला पोचला. पुंडलिकच्या दारात उभा राहून त्यानं सांगून टाकलं. नंतर पुंडलिकनंच मला सांगितलं की त्याच्या हातात कुबडी होती आणि ती त्यानं उगारली होती. "पन हा गडी हललाच नाय," तो म्हणाला. "मारा, बोलला. मग मारायचं तरी काय?"

दोघं ओट्यावर बसून राहिले. शेवटी पुंडलिक म्हणाला, "तिला तूच सांगायचं. मला जमनार नाय."

मी बरोबर गेलो, कारण फळी धरायला तिसरा माणूस हवा होता. खोटं कशाला बोलू, त्या शेतापासून लांब राहणं मलाही जड जात होतं. एसटीत फळी आमच्या मांडीवर, वर पंचा. खड्डा आला की पुंडलिक आतल्या जवानांवर हात धरायचा, जसं पुन्हा आडोसाच शोधत होता.

गागोद्याला हौसाबाई ओटीवर वाल सोलत बसली होती. बारीक बाई, मान जरा तिरकी, कारण नजर एका कोपऱ्यातनंच काय ती उरली होती. फळी तिच्या पुढ्यात उन्हात ठेवली. ती इतकी खाली वाकली की तिचा श्वास गव्हाला लागला आणि पाती हलली. आम्ही तिघांनीही ते बघितलं.

ती कितीतरी वेळ तशीच होती. केरू जसा बांधावर पडून बघायचा, अगदी तशी. कालव्याच्या काठानं तिची नजर हळूहळू गेली, बोरूंपाशी थांबली, शिसवीखाली आली.

"सावलीला झाड होतं म्हनायचं," ती म्हणाली.

"व्हय आये."

"नि माठ?"

"कुना शेतकऱ्याचा."

"पानी असंल त्यात." मग थोड्या वेळानं, "कुनाचं रं शेत ह्ये? येवढा चांगला गहू. सगला तुडवला असंल तुमी लोकांनी."

पुंडलिक लहान मुलासारखा खाली मान घालून म्हणाला, "तुडवला आये."

"त्याच्या घरी त्या वर्सी काय खाल्लं असंल," हौसाबाई म्हणाली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मुलासाठी तिला आजवर रडायला जागा सापडली नव्हती. ती त्या परक्या शेतकऱ्याच्या गव्हासाठी रडली आणि त्यातच सगळं रडून घेतलं. मीही रडलो. सांगायला लाज कसली?

मग तिचं बोट त्या उघड्या जागेवर आलं. "हितं?"

"हितं," पुंडलिक म्हणाला.

"माती आननार होतास ना रं?"

पुंडलिकनं केरूकडे बघितलं. केरू उभा राहिला. हात मागे बांधून, शाळेत उभं राहावं तसा. "आये, ती माती माज्या हातनं गेली," तो म्हणाला. "भिजवनीच्या पिंपात पडली. शाडूत तुडवली गेली. आता येगली काढता येत नाय. पिंप तसंच ठेवलंय, त्यातलं काय वापरू दिलं नाय. पन मला कललं नाय का त्याचं करायचं काय."

"कसली माती रं ती? पिंपातली?"

"गनपतीची."

हौसाबाईनं बोट फळीवरनं उचललं. वालाचं सूप तिनं बाजूला सारलं. भिंतीला हात लावत आत गेली. आत माळ्यावर काहीतरी ओढल्याचा, भांडी सरकल्याचा आवाज आला. केरूचा चेहरा पांढरा पडला होता, त्याला वाटलं असावं की आता काही फेकून मारणार. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक पाट होता. काळा पडलेला, कोळिष्टकांनी भरलेला. तिनं तो पदरानं पुसला आणि केरूच्या पुढे धरला.

कारखान्यात पाट नेऊन देणं म्हणजे यंदा आमचा गणपती करा, असं सांगणं. आमच्या पंचक्रोशीत ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. केरूनं दोन्ही हात पुढे केले, पण त्याला तो नीट धरता येईना, म्हणून मी खालून धरला.

अडचण एकच होती. आवळ्याएवढं ढेकूळ त्या मातीत कुठं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सगळीच्या सगळी माती एकाच मूर्तीत घालावी लागली. ती साच्यातही बसेना. केरूनं ती हातानं घडवली, भावाचं काम संभाळून, पाऊस लागेपर्यंत आणि त्याच्या पुढेही. मी त्याला मदत करू का विचारलं. नको म्हणाला. मूर्ती उभी राहिली ती माणसाच्या कमरेएवढी, ऐसपैस, आणि तोंड बघायला गेलो तर मामा! एक भुवई वर, ओठ घट्ट.

"केरू, अरे—" मी म्हणालो.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "डोले तू कर. तुज्यानं काय सुधरलं तर बग."

मी आयुष्यात कधी इतकं मन लावून आखणी केली नाही. भुवई काही खाली आली नाही, पण त्या डोळ्यांनी ती भुवई रागाची राहिली नाही. कुणीतरी लांबून येतंय आणि ओळख पटेपर्यंत आपण भुवई वर करून बघतो ना, तसं काहीसं झालं. आता हे मी केलं की आपोआप झालं, मला सांगता येणार नाही.

चतुर्थीला टेम्पोतून गणपती गागोद्याला नेला. हौसाबाईची नजर श्रावणातच गेली होती. मूर्ती पाटापेक्षा मोठी, चारी बाजूंनी बाहेर आलेली. दारात अडकली. तिरकी केली, सरळ केली, शेवटी चौकटीचा एक लाकडी तुकडा पडला तेव्हा गणपती आत शिरला. हौसाबाईनं त्याचे पाय चाचपले, पोट चाचपलं, ते कवेत मावेना. "चांगला खाऊन पिऊन हाय," ती म्हणाली, आणि सगळं घर हसलं.

गौरींबरोबर विसर्जन. गावाबाहेरच्या वहाळाला पाणी भरपूर होतं. गणपती पाण्यात ठेवला आणि शाडू विरघळू लागला. आधी पाण्यात एक पांढुरकी रेघ, मग ती रुंद होत गेली, दगडांवरून वळली, कुणाच्या तरी भाताच्या कडेनं पुढे गेली. केरू पाण्यात गुडघाभर उभा राहून बघत होता. हौसाबाई काठावर बसली. तिनं पाट मांडीवर घेतला आणि हात पाण्यात घालून चाचपत चाचपत तळातली ओली वाळू वर काढली. पाटाच्या मधोमध ठेवली. पुंडलिकनं पाट धरायला हात पुढे केला, तर तिनं त्याला धरू दिला नाही. डोक्यावर घेऊन ती एकटी घरापर्यंत चालत गेली, आम्ही मागे.

घरात ते शेत कोनाड्यात ठेवलं होतं. रणगाडा आणि जवान तिथंच होते, तिनं त्यांना हलवलं नव्हतं. तिनं पाट खाली ठेवला, चिमूटभर वाळू घेतली आणि डाव्या हाताची बोटं फळीवर ठेवली. कालव्याचा काठ. बोरू. माठ. गव्हाच्या पात्यांवरून बोटं हलकेच सरकली, एकही पातं मोडलं नाही. मग ती उघडी जागा आली. तिथं तिनं वाळू ठेवली आणि अंगठ्यानं दाबून बसवली.

"आला," ती म्हणाली.

उरलेली वाळू तिनं उंबऱ्यावर, अंगणात, तुळशीत टाकली. पाट झटकला, पदरानं पुसला, आणि केरू कुठं उभा आहे ते त्याच्या श्वासावरून ओळखून त्याच्यापुढे धरला.

"पुढच्या वर्सी जरा ल्हान कर रं बाबा," ती म्हणाली. "रघूच्या बापानं बसवलेली चौकट पाडलीस माजी."